प्रभुभोजनाचे चित्र : उपदेशकांसाठी एक पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय २६:२०-२५, योहान १३:२१-३०

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडपासून वणीपर्यंत पुष्कळ ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर एक छापील चित्र टांगलेले असते. लांब मेजामागे मध्यभागी प्रभु येशू आणि दोन्ही बाजूंस सहा-सहा शिष्य. काही घरांत नाताळात त्यास फुलांचा हारही पडतो. ते कोणी काढिले व त्यात काय दाखविले आहे, हे मात्र विचारले तर घरधनी हसून मुलांकडे पाहतो. म्हणून ह्या आठवड्यात पाठ त्या चित्रावरच घेऊ.

मूळ चित्र कागदावर नाही, भिंतीवर आहे. इटली देशातील मिलान शहरी सान्ता मारिया देल्ले ग्राझिये नावाचा मठ आहे. तेथील साधूंच्या भोजनगृहाच्या भिंतीवर लिओनार्दो दा विंची ह्याने सुमारे १४९५ ते १४९८ ह्या काळात ते काढिले. त्याची रुंदी जवळजवळ नऊ मीटर आहे. ओल्या गिलाव्यावर झपाट्याने रंग भरण्याची त्या देशातील रीत त्याने सोडिली व कोरड्या भिंतीवर सावकाश काम केले. परिणाम असा झाला की, त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटू लागले. पुढे १६५२ साली दार पाडताना भिंतीचा खालचा भाग कापला गेला व त्याबरोबर प्रभूचे पाय नाहीसे झाले. १९४३ च्या ऑगस्टात बॉम्बगोळ्याने भोजनगृहाचा मोठा भाग कोसळला, परंतु वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ही भिंत उभी राहिली. १९७८ पासून १९९९ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, तिच्या दुरुस्तीचे काम चालले.

मग नाहीसे झालेले पाय आज आपणांस कसे ठाऊक? लिओनार्दोच्या परंपरेतील जाम्पेत्रीनो ह्याने सुमारे १५२० साली कापडावर ह्याची मोठी नक्कल केली. ती लंडनच्या रॉयल अकादमीच्या मालकीची आहे, व मूळ भिंतीवर जे झडले ते तीत पाहावयास मिळते. १८०० साली राफाएल मॉर्घेन ह्याने तांब्याच्या पत्र्यावर हे चित्र कोरून छापले, आणि त्यानंतर ते दूरदूरच्या घरांत पोहोचले. आपल्या घरचा कागद हा अशा नकलेची नक्कल होय. त्यास कमी लेखू नये. परंतु हार घालावा असेही त्यात काही नाही.

आता चित्राकडे वळू. तुमच्यापैकी एकजण मला धरून देईल, हे प्रभूने नुकतेच सांगितले आहे, तो हा क्षण. शिष्य तिघातिघांच्या चार घोळक्यांत विभागले आहेत. अंद्रियाने दोन्ही तळहात वर केले आहेत. थोमाचे एक बोट उभे आहे. फिलिप्पाने हात छातीशी नेले आहेत, जणू तो विचारतो आहे की, मी तर नव्हे ना? पेत्राच्या हाती सुरी आहे. त्याच रात्री बागेत तो काय करणार आहे, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांस ती सुरी पुरे. यहूदा मात्र मागे झुकला आहे, मुठीत थैली आहे व तोंड छायेत आहे.

येथे आम्ही वाचकांस थोडे थांबावयास सांगतो. लिओनार्दोच्या अगोदर इटलीतील कित्येक चित्रकार यहूदाला मेजाच्या अलीकडे, सर्वांपासून वेगळा, एकटा बसवीत. १४८० साली फ्लॉरेन्स येथे गिर्लांदायो ह्याने त्यास तसेच दाखविले आहे. पाहणाऱ्याने ओळखावे की दोषी तो, व आपण त्या बाजूचे नाही! लिओनार्दोने त्यास उचलून पेत्र व योहान ह्यांच्या शेजारी, एकाच पंगतीत बसविले. चित्रात कोणीही त्याच्याकडे बोट दाखवून 'हाच तो' म्हणत नाही. शास्त्रभागही हेच सांगतो. अकराजणांपैकी प्रत्येकाने स्वतःविषयी विचारले, शेजाऱ्याविषयी नव्हे.

आपल्या मंडळ्यांत वाद उत्पन्न झाला की आपण गिर्लांदायोचे चित्र काढतो. एकाला समोर बसवितो, बाकीचे एका बाजूस होतो. ज्यांच्या वाडवडिलांना गावाने पंगतीबाहेर बसविले, तेच लोक आपसात एखाद्या घराला वाळीत टाकतात, ह्यापरते दुःख कोणते? मत्तयाच्या वर्णनात प्रभूचा व विश्वासघातक्याचा हात एकाच ताटात आहे. चित्रातही ते दोन हात एकाच भांड्याकडे सरकताना दिसतात. जुन्या नकलांत यहूदाच्या हाताजवळ मिठाचे भांडे कलंडलेले आहे. युरोपात मीठ सांडणे अपशकुन मानीत. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतात, त्यामुळे हा तपशील आपल्या श्रोत्यांस त्यांच्यापेक्षाही लवकर कळेल.

एक सावधगिरी. मेज, पांढरा कपडा व बाकावर बसणे हे इटलीचे आहे. त्या काळी तेथील लोक मेजवानीस डाव्या कोपरावर रेलून जेवीत, म्हणून तर योहान प्रभूच्या उराशी टेकला होता. मुलांनी विचारले की प्रभु साहेबलोकांप्रमाणे मेजावर जेवीत असे काय, तर सरळ नाही म्हणावे. गोमंतकात जन्मलेले व पुण्यास राहून काम केलेले अँजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) ह्यांनी शुभवर्तमानातील प्रसंग आपल्या देशाच्या वेषात रंगविले. ज्यास मिलानचे मेज परके वाटते, त्याने ती चित्रे जरूर पाहावी.

नवीन प्रत घेणारांनी दोन गोष्टी तपासाव्या. प्रभूच्या मस्तकाभोवती सोनेरी वलय असेल तर ते छापणाराने घातले आहे. लिओनार्दोने तेथे केवळ मागच्या खिडकीचा उजेड ठेविला. आणि मेजाखाली प्रभूचे पाय दिसत असतील तर ती प्रत जुन्या नकलेवरून घेतली आहे किंवा ते पाय मागाहून भरले आहेत. त्या जागी दाराची कमान असेल तर ती भिंतीवरून घेतली आहे. शिकविण्यास पहिली बरी, कारण तीत मिठाचे भांडेही बहुधा स्पष्ट असते. चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नये, आणि मुलांना यहूदा शोधावयास सांगण्यापूर्वी योहानाचा तेरावा अध्याय मोठ्याने वाचून घ्यावा.