ऊबपेटी

'शीतरक्ताचा प्राणी' म्हटले की नेहमी गार अंगाचा प्राणी, अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नाही. सापाचे शरीर स्वतःपुरती उष्णता निर्माण करीत नाही. ऊन, तापलेला दगड, कुजणारा पालापाचोळा यांच्याकडून तो ती उसनी घेतो आणि फार झाली की सावलीत सरकतो. हे पुस्तकात वाचले होते. कळले मात्र चुकीतून.

दोन वर्षांपूर्वी जूनअखेरीस दर्यापूरजवळच्या आमच्या शेतात गोठ्यामागचा पऱ्हाट्यांचा ढीग उपसताना धामणीची अकरा अंडी निघाली. ढीग तर मोडलेला. तालुक्यातील एका सर्पमित्रांना बोलावले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'प्राणी' या शब्दात सरपटणाऱ्या जीवांची अंडीही येतात, हे त्यांनीच सांगितले. वनखात्याची रीतसर परवानगी त्यांनी घेतली आणि माझा उत्साह पाहून पेटीचे काम माझ्यावर सोपवले.

मी कला शाखेचा विद्यार्थी! लाकडी खोक्याला आतून थर्माकोल लावला, झाकणाला साठ वॅटचा दिवा टांगला, ओलसर नारळाच्या भुशात अंडी ठेवली आणि तापमापक कोपऱ्यात अडकवला. त्यात 29 अंश दिसले की मी निश्चिंत. तिसऱ्या रात्री पावसाने गारठा वाढला म्हणून दिवा थोडा खाली सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी कडक ऊन पडले. सर्पमित्रांनी येऊन तापमापक अंड्यांमध्ये खोचला, तर पारा 38 वर. पुढच्या आठवडाभरात सात अंडी पिवळी पडून खचली. साप असता तर सरकला असता. अंडे कुठे जाणार?

दुसरी पेटी आम्ही दोघांनी मिळून केली. झाकणाच्या टबात चार बोटे पाणी, त्यात मत्स्यपेटीचा हीटर, मध्ये विटा आणि विटांवर अंड्यांचा डबा. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते. त्यामुळे वीज तासभर गेली तरी बिघडत नाही. थर्मोस्टॅटचा संवेदक थेट अंड्यांच्या पातळीवर ठेवला. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण केली. कोंबडीच्या अंड्यासारखे ते उलटवायचे नसते. आतला जीव कवचाला वरच्या अंगाने चिकटलेला असतो.

परदेशी अजगर जातीचे साप बाळगणारे लोक मांडणीच्या कप्प्यांत टब ठेवतात, तेथेही हेच तत्त्व आहे. तापणारी पट्टी फक्त मागच्या तिसऱ्या भागाखाली लावायची, पुढचा भाग गार राहू द्यायचा. मागे 31-32 अंश, पुढे 25-26. पट्टी थर्मोस्टॅटशिवाय कधीही जोडू नये; सापाला पोटाखालचा चटका लवकर उमगत नाही आणि तो तेथेच भाजतो. (आपल्याकडचे साप घरी बाळगणे हा गुन्हाच आहे, आणि परदेशी सापांचीही आता सरकारदरबारी नोंद लागते.) शिवाय आपल्या वऱ्हाडात ऊब लागते ती पौष-माघात. वैशाखात पारा 45 कडे झुकला की प्रश्न उलटा होतो. तेव्हा माठाशेजारची जागा शोधावी लागते.

निसर्गाने मात्र एक ऊबपेटी फार पूर्वीच केली आहे. मेळघाटात आढळणाऱ्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालते आणि गारठा वाढला की स्नायू थरथरवून ऊब देते. 1960 च्या दशकात न्यू यॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात अशा अंडी उबवणाऱ्या एका मादीचे मोजमाप झाले, तेव्हा तिचे शरीर भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक उबदार भरले. आणि थर्मोस्टॅट म्हणाल, तर तो तिच्या अंगातच!

उरलेल्या चार अंड्यांना ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात चिरा पडल्या. एक पिलू दिवसभर नुसते तोंड बाहेर काढून बसले होते. चौथ्या दिवशी दोन-दोन वितींची ती पिले सर्पमित्रांनी आमच्याच धुऱ्यावर सोडली. वडील म्हणाले, "उंदरांची सोय झाली." पऱ्हाट्यांचा नवा ढीग यंदा आम्ही उपसलेला नाही.