मुलाच्या गेमच्या खोक्यावर मराठी सिनेमा

दुर्ग-भिलाईच्या थिएटरात मराठी सिनेमा क्वचितच लागतो. १९५६पर्यंत दुर्ग ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. आता सिनेमासाठी नागपूरला जायचं तर मध्ये राज्याची हद्द आहे आणि रेल्वेने अडीचशेहून जास्त किलोमीटर. तेव्हा मुलगा ज्यावर क्रिकेट-फुटबॉल खेळतो, त्या प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवरच सिनेमा लावावा. पण निव्वळ सिनेमासाठी कन्सोल विकत घेऊ नका. प्लेस्टेशन ५ सिनेमा दाखवतानाही ५० वॅटच्या आसपास वीज खातो, टीव्हीला लावायची छोटी स्टिक ५ वॅटच्या आत भागवते. घरात आधीच असेल तरच पुढचं वाचा.

साहित्य: कन्सोल, एचडीएमआय केबल, लॅनची लांब वायर, चार्ज केलेला कंट्रोलर, आणि पासवर्ड आठवणारा घरातला एक माणूस.

पहिलं काम जागेचं. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांकडे जातो, आणि गरम हवा बाहेर टाकायला कन्सोलला सगळ्या बाजूंनी मोकळी जागा लागते. काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवलात तर पंखा घुरघुरेल आणि खोका तापून बंद पडेल. कूलरच्या थेट झोतातही नको. ती हवा दमट असते. कन्सोल अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला असेल तर मागची चिठ्ठी वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त प्लगचा प्रश्न उरतो. नसेल तर आपल्या २३० व्होल्टवर लावूच नका.

मग नेट. हॉलमध्ये राउटर आणि आतल्या खोलीत टीव्ही, मध्ये क्वार्टरची जाड भिंत, अशी मांडणी असेल तर वाय-फायच्या नादी न लागता वायर टाका. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि ४केला १५ एमबीपीएस वेग लागतो. ४के तासाला ७ जीबीपर्यंत डेटा खाऊ शकतं, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा खेळ परवडत नाही. कन्सोलवर सिनेमा डाउनलोड करून ठेवण्याचीही सोय नाही. नेट गेलं की सिनेमा थांबला.

आता खातं. प्लेस्टेशनचं खातं उघडताना देश भारतच निवडा. तो नंतर बदलता येत नाही, आणि स्टोअरमध्ये कोणती अ‍ॅप दिसतील हे त्यावर ठरतं. प्लेस्टेशन ५वर वर ‘मीडिया’ हा भाग आहे, एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्ट स्टोअर. तिथून अ‍ॅप उतरवा. कंट्रोलरने एकेक अक्षर टिपत पासवर्ड भरण्याची शिक्षा भोगू नका. पडद्यावर कोड येतो, तो फोनवरून भरला की झालं. नेटफ्लिक्सचा सगळ्यात स्वस्त मोबाइल प्लॅन मात्र टीव्हीवर चालत नाही. पुष्कळ घरांत गाडी इथेच अडते आणि दोष कन्सोलवर येतो.

तुमच्या आवडीचं मराठी अ‍ॅप स्टोअरमध्ये सापडलं नाही तर? एक्सबॉक्सवर एज ब्राउझर आहे, त्यात त्या सेवेचं संकेतस्थळ उघडून पाहता येतं. प्लेस्टेशन ५वर असा ब्राउझर दिलेलाच नाही. तिथे त्या अ‍ॅपपुरती स्टिक वापरावी.

अ‍ॅप सुरूच होत नाही, असं झालं तर प्लेस्टेशनची एक खूण लक्षात ठेवा. गेमचं रेकॉर्डिंग करायला मुलं एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखणारी सोय, बंद करतात आणि तसंच सोडतात. ते बंद असेल तर सिनेमाची अ‍ॅप चालत नाहीत. प्लेस्टेशन ५वर सेटिंग्ज, सिस्टीम, एचडीएमआय या वाटेने जाऊन ते पुन्हा चालू करा.

तिथेच ‘एचडीएमआय डिव्हाइस लिंक’ही चालू करा. टीव्हीतली तशी सोयही चालू असली की बहुतेक टीव्हींच्या रिमोटने कन्सोल चालवता येतो. हे घरातल्या आजींसाठी. कंट्रोलरचे त्रिकोण-चौकोन त्यांनी का शिकावेत?

एक्सबॉक्सवाल्यांनी व्हिडिओ मोड्समध्ये २४ हर्ट्झला परवानगी द्यावी. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही त्याच वेगाने चालला की कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळत नाही.

चाचणीसाठी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी सिनेमा लावा. ३० एप्रिल २०२१ला तो नेटफ्लिक्सवर आला. त्यातले तानपुऱ्याचे सूर टीव्हीच्या स्पीकरवर पातळ वाटले, तर साउंडबार जोडायची वेळ झाली.