पथ्य सुटले की वजन परतते

मराठी घरात ‘पथ्य’ हा शब्द औषधाच्या जोडीने येतो आणि औषधाबरोबरच निघून जातो. तापाचे पथ्य ताप उतरला की सुटते, बाळंतिणीचे पथ्य सव्वा महिन्यानंतर सैल होते आणि एकादशीचा उपवास द्वादशीला वरणभाताने सोडला जातो. वजन उतरवण्यासाठी स्वीकारलेल्या आहारनियमनालाही हाच शब्द लागला आणि शब्दासोबत त्याची मुदतही आली, त्यामुळे ठरवलेला आकडा काट्यावर दिसला की पथ्य सोडायचे ही समजूत इतकी घट्ट रुजली आहे, की चांगले शिकलेले रुग्णही बारा-चौदा किलो उतरवून दवाखान्यात येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ‘आता नॉर्मल खायला कधीपासून सुरुवात करायची?’ हाच असतो. या प्रश्नातले ‘नॉर्मल’ म्हणजे ज्या खाण्याने वजन वाढले होते तेच खाणे, हे विचारणाऱ्याच्या ध्यानात आलेले नसते, आणि डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितले की चेहरा उतरतो.

वजन उतरवणे आणि उतरलेले वजन टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, कारण वजन उतरल्यानंतरचे शरीर पूर्वीचे राहत नाही. उष्मांक, म्हणजे अन्नातून मिळणारी आणि शरीराने खर्च केलेली ऊर्जा मोजण्याचे एकक, घेऊन हिशेब मांडला तर उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० उष्मांकांनी घटतो. म्हणून ८२ किलोवरून ७० किलोवर आलेल्या व्यक्तीला पूर्वीपेक्षा रोज सुमारे ३०० उष्मांक, म्हणजे तीन मध्यम फुलक्यांइतके अन्न, कायमचे कमी लागते. एवढ्यावरच भागते असेही नाही. चरबीच्या पेशींतून स्रवणारे आणि ‘साठा पुरेसा आहे’ असे मेंदूला कळवणारे लेप्टिन हे संप्रेरक, ज्याचा शोध १९९४ मध्ये लागला, चरबी घटताच कमी होते; उलट जठरातून स्रवणारे आणि भूक चेतवणारे घ्रेलिन वाढते. उतरलेल्या एका किलोमागे भूक रोज सुमारे १०० उष्मांकांनी वाढते असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि तो खर्चातील घटीच्या कितीतरी पट आहे. मोबाइलवरील चित्रफितींतून ‘मेटाबॉलिझम बिघडला’ अशी जी हाकाटी चालते ती त्यामुळे अर्धवट ठरते: चयापचय, म्हणजे शरीरातील ऊर्जेची उलाढाल, मंदावतो हे खरे, पण खरा सामना भुकेशी असतो आणि तिला कोणत्याही काढ्याने ‘रिसेट’ करता येत नाही.

ही भूक किती काळ टिकते, याची नोंद मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार घेऊन वजन उतरवलेल्या व्यक्तींची संप्रेरके वर्षभरानंतर पुन्हा तपासली असता लेप्टिन अद्याप उतरलेले, घ्रेलिन अद्याप चढे आणि भूकही पूर्वीपेक्षा अधिक आढळली. त्याआधी १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरवले होते, आणि नंतर भरपेट अन्न मिळू लागल्यावरही त्यांची खा-खा दीर्घकाळ शमली नाही. परतलेल्या वजनातही चरबी आधी भरली आणि स्नायू मागाहून. ज्या रुग्णांना वजन परतल्याची लाज वाटते त्यांनी हे दोन्ही दाखले ध्यानात ठेवावेत. यात आळस किंवा चारित्र्यातील उणीव शोधण्याचे कारण नाही. शरीर दुष्काळ समजून साठा परत मागत असते, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच असते.

लाजेपायी काय घडते, याचे उदाहरण म्हणून एका पतसंस्थेत रोखपाल असलेल्या ४८ वर्षांच्या मधुमेही स्त्रीची हकिकत सांगता येईल. मुलीच्या लग्नासाठी म्हणून आठ महिन्यांत ८४ किलोवरून ७० किलोवर आलेल्या या बाईंनी वैशाखात लग्न पार पडताच वजनकाटा माळ्यावर टाकला आणि पुढे अकरा महिने दवाखान्याची पायरी चढली नाही. त्या आल्या तेव्हा वजन ७९ किलो होते आणि उपाशीपोटीची साखर बरीच चढलेली होती, कारण वजन उतरल्यामुळे निम्मी केलेली मधुमेहाची गोळी त्या तेवढीच घेत राहिल्या होत्या. वजन कधीपासून वाढले असे विचारल्यावर त्यांनी ‘दिवाळीच्या फराळानंतर’ असे ठामपणे सांगितले, परंतु बोलण्याच्या ओघात शिंप्याचा विषय निघाला आणि ब्लाउजच्या दोन्ही बाजूंची माया, म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेले जादा कापड, त्यांनी गणपतीच्या आधीच उसवून घेतल्याचे उघड झाले. दिवाळीवर सगळ्याचेच खापर फुटते. येथे मात्र चहातील दुसरा चमचा साखर, संध्याकाळी पतसंस्थेतून आल्यावर ताटलीभर चिवडा आणि पावसामुळे बंद पडलेले चालणे यांनी आपले काम श्रावणातच उरकले होते. शिंप्याला जे भाद्रपदात कळले ते डॉक्टरांना चैत्रात कळले. ‘तुम्ही रागवाल म्हणून आले नाही,’ हे त्यांचे उत्तर होते, आणि त्यावर खरोखरच रागावणे भाग पडले, अर्थात वाढलेल्या नऊ किलोंसाठी नव्हे, गमावलेल्या अकरा महिन्यांसाठी.

म्हणून काटा माळ्यावर टाकू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचाहून आल्यावर आणि चहापूर्वी वजन घेऊन ते वहीत किंवा भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत लिहावे. जेवण, मीठ, मासिक पाळी आणि पोट साफ असणे-नसणे यांनी वजन किलो-दीड किलो सहज मागेपुढे होते. पिष्टमय पदार्थांचा यकृत आणि स्नायूंत होणारा साठा आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे लग्नातल्या एका जेवणाने दुसऱ्या दिवशी दिसणारी वाढ बहुतांशी पाण्याची असते आणि तिला घाबरून उपाशी राहण्याचे काही कारण नाही. सलग तीन आठवडे वजन दोन किलोंनी वर राहिले तर मात्र कारण शोधावे. दोन किलो परतवणे सोपे असते, नऊ किलो नसते.

टिकवण्याच्या काळातील आहार वेगळा असा नसतो; ज्या खाण्याने वजन उतरले त्यातच थोडी भर घालून, वजन स्थिर राहते तेथे थांबायचे असते. म्हणून जो आहार आयुष्यभर घेणे शक्य नाही तो वजन उतरवण्यासाठीही निवडू नये. नुसत्या काकडीवर किंवा डब्यातील शेकवर उतरलेले वजन काकडी आणि शेक थांबताच परत येते. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास असावे आणि ते फोडणी देताना नव्हे, महिन्याचा किराणा भरताना मोजावे, कारण स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताला बाटलीची धार कळत नाही. वरण पातळ आणि भात भरपूर ही सवय मोडून घट्ट वरण, उसळ, दही, अंडी किंवा मासे यांतून प्रथिनांचा वाटा वाढवावा (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून). उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा स्नायूंचा असतो, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी उठाबशा, वजने किंवा रबरी पट्टा यांचा व्यायाम आवश्यक ठरतो. चालण्याविषयी गैरसमज मोठा आहे: सत्तर किलोच्या माणसाचे तासभर चालण्यात सुमारे २५० उष्मांक खर्च होतात आणि एक वडापाव ते भरून काढतो, त्यामुळे नुसत्या चालण्याने वजन फारसे उतरत नाही; परंतु उतरलेले टिकवण्यात त्याचे मोल मोठे आहे आणि त्यासाठी आठवड्याला २०० ते ३०० मिनिटांची शिफारस केली जाते. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या एका नोंदवहीत, जिच्यात किमान १३.६ किलो उतरवून ते किमान वर्षभर टिकवलेल्यांचीच नोंद होते, बहुसंख्य लोक रोज सुमारे तासभर व्यायाम करणारे आणि आठवड्यातून एकदा तरी वजन करणारे आढळले. यात चमत्कार काही नाही, आणि चमत्काराचे गिऱ्हाईक नेमके येथेच निराश होते.

अशा गिऱ्हाइकांवर पोसलेला बाजार मात्र तेजीत आहे. वजन परतू लागले की शेजारीण जिऱ्याचे पाणी सुचवते, ते निरुपद्रवी तरी असते. परंतु ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ अशी चिठ्ठी लावलेल्या कॅप्सुलांमध्ये सिब्युट्रामिन हे रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवणारे औषध, ज्यावर भारतात २०११ मध्ये बंदी आली, अनेक देशांत वारंवार सापडले आहे. थायरॉईडचा आजार नसताना थायरॉक्सिनच्या गोळ्या ‘वजनासाठी’ घेणारे लोकही भेटतात, आणि त्यांच्यात चरबीआधी स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, हृदयाची लय बिघडते. गुडघेदुखीसाठी गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास वजन उलट वाढते, चेहरा गोल होतो आणि पोटावर जांभळट रेघा उमटतात. अशा पुड्या घेणाऱ्याने त्या एकदम बंद न करता लगेच डॉक्टरांना दाखवाव्यात, कारण एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लूटाइड या इंजेक्शनांची गोष्ट वेगळी आहे. वजनासाठी ती भारतात २०२५ पासून मिळू लागली, ती भूक खरोखर कमी करतात आणि योग्य रुग्णाला त्यांचा लाभ होतो. पण सेमाग्लूटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले आहे, त्यामुळे मित्राच्या पेनमधले चार डोस घेऊन ‘कोर्स पूर्ण’ करणाऱ्यांनी तीच पथ्याची चूक महागड्या सुईने केलेली असते.

काही लक्षणे दिसल्यास वाट पाहू नये. प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरत असेल तर अभिनंदन स्वीकारण्यापूर्वी मधुमेह, क्षयरोग, थायरॉईड आणि कर्करोग यांच्या तपासण्या कराव्यात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ, पावलांवर दाबल्यास खळगा पडणारी सूज आणि दम लागणे हे चरबीचे लक्षण नसून हृदय किंवा मूत्रपिंडाकडे बोट दाखवते. झपाट्याने वजन उतरल्यावर जेवणानंतर पोटाच्या उजव्या वरच्या भागात कळ येत असेल तर पित्ताशयातील खड्यांची शंका घ्यावी, आणि पाळी थांबली किंवा जेवणानंतर मुद्दाम उलटी करण्याची सवय जडली तर ती घरात लपवू नये. केस गळण्याने मात्र घाबरू नये; वजन उतरल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होणारी गळती बहुधा आपोआप थांबते. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वजन उतरताना चक्कर, थरथर किंवा दरदरून घाम येऊ लागला तर डोस जास्त होत असतो, आणि वजन परतताना तोच डोस अपुरा पडतो. दोन्ही वेळा तो डॉक्टरांनी बदलायचा असतो.

कोणते वजन टिकवायचे, याबाबतही हट्ट नडतो. मीटरमधील उंचीच्या वर्गाने किलोमधील वजनाला भागून येणारा निर्देशांक भारतीयांत २३ च्या खाली आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा हे खरे, परंतु मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले आणि तेवढेच टिकले तरी साखर व रक्तदाब यांत ठळक सुधारणा दिसते. वर उल्लेखलेल्या बाईंना महाविद्यालयीन काळातील ५४ किलो हवे होते, त्यांच्यासाठी ७४ किलो ठरवण्यात आले आणि गोळीचा डोस पुन्हा जुळवण्यात आला. पुढच्या भेटीला येताना वजनाची वही आणि घरात असलेल्या सर्व गोळ्या, पावडरी व पुड्या डब्यांसकट पिशवीत घालून आणाव्यात; ‘नाव आठवत नाही, हिरव्या झाकणाचा डबा आहे’ या वर्णनावरून कोणत्याही डॉक्टरला औषध ओळखता येत नाही.