मौन आणि अबोला

सिविक सेंटर, भिलाई
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद विशेष.

तुझे पत्र पावले. त्यातील सारी कैफियत मी दोनदा वाचली, आणि जे वाक्य तू ओघात लिहून पुढे गेलास त्यापाशीच माझे मन अडले : ‘गेले बारा दिवस मी घरात मौन पाळले आहे, त्यामुळे कलह तरी टळतो.’ बाळ, ज्याला तू मौन म्हणतोस त्याचे आपल्या भाषेतील खरे नाव अबोला असे आहे. आणि या दोहोंतील भेद वेळीच ध्यानी आला नाही तर एका छपराखाली राहणारी माणसेही परस्परांस कशी परकी होतात, हे मी स्वतः अनुभवले असल्यामुळे, सिविक सेंटरमधील दुकानांत दिवे लागण्याच्या या वेळी, नेहमीच्या बाकावर बसून हे पत्र लिहीत आहे.

आपले पूर्वज क्रियापदे योजताना चोखंदळ होते. अबोला ‘धरतात’, मौन ‘पाळतात’. धरण्यात मूठ आवळलेली असते, पाळण्यात जोपासना असते. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाची वर्गवारी करताना सत्य, प्रिय आणि हितकर भाषणाची गणना वाणीच्या तपात केली आहे. मौनाला मात्र मनाच्या तपात स्थान दिले आहे. तेव्हा जिभेला कुलूप घालून मनात फिर्यादीचा मसुदा रचीत बसणारा मनुष्य मौनी ठरत नाही.

माझे वडील 1957 साली नागपुराहून येथे आले, तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना उभारला जात होता. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या काळच्या हकीकती ते सांगत. तंत्रज्ञ रशियन बोलणारे, मजूर छत्तीसगढी बोलणारे, आणि यंत्रांच्या गर्जनेत दुभाष्याचाही शब्द लोपणारा. अशा ठिकाणी एकमेकांचे हात आणि डोळे अखंड पाहत राहण्यावाचून गत्यंतर नसे, कारण क्षणभर दृष्टी ढळली तर प्राणाशी गाठ होती. पुढे मी स्वतः भट्टीवर काम केले, तेव्हा या गोष्टीचे मर्म मला उमगले : जिथे शब्दांचा आधार सुटतो तिथे माणसाला माणसाकडे नीट पाहावे लागते. अबोल्यात नेमकी हीच दृष्टी आपण प्रथम काढून घेतो.

मी वडिलांना न विचारता कारखान्यातील नोकरी पत्करली, तेव्हा त्यांनी माझ्याशी चार महिने अबोला धरला होता. ‘त्याला सांग, ताट वाढले आहे’, हे आईच्या मध्यस्थीने येणारे वाक्य आजही माझ्या कानांत आहे. त्यानंतर माझी पहिली रात्रपाळी संपली आणि पहाटे सहाच्या सुमारास मी फाटकाबाहेर आलो, तो वडील सायकल धरून उभे. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. घरापर्यंत आम्ही दोघे सायकल हाती धरून चालत गेलो. ते चालणेही मूक, तो अबोलाही मूक. परंतु त्या वाटेवर ते माझ्या थकलेल्या पावलांशी आपले पाऊल जुळवीत होते, आणि चार महिन्यांचा दुरावा त्या तीन मैलांत सरला.

गांधीजी सोमवारी मौन पाळीत. 2 जून 1947 हा सोमवारच होता; फाळणीसारखा प्रश्न समोर असताना त्यांनी व्हाइसरॉयांशी संभाषण केले ते जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर लिहून. व्रत मोडले नाही, पण भेटही नाकारली नाही. आपल्या या परिसरातील पंडवानीचाही दाखला घे. जवळच्या गनियारीच्या तीजनबाई तंबुरा घेऊन महाभारत सांगत तेव्हा शेजारी ‘रागी’ बसलेला असे. कथा त्याला सांगावयाची नसते, पण योग्य जागी त्याने हुंकार दिला नाही तर सांगणाऱ्याचा उत्साहच मावळतो. ‘मी येथे आहे, ऐकतो आहे’ एवढी ग्वाही ज्या शांततेतून मिळत राहते, तिच्याच आश्रयाने दुसऱ्याच्या मनातील दडपलेली गोष्ट बाहेर येते.

अन्याय दिसत असता गप्प राहावे, किंवा क्षमा मागण्याची पाळी आपली असता मौनाचा आडोसा घ्यावा, असा अर्थ यातून काढू नकोस. चूक तुझी असेल तर कबुली शब्दांतच दिली पाहिजे. मौनाचे काम त्यानंतर सुरू होते : सूनबाई बोलू लागली की मध्येच खुलासा न करणे, जुनी प्रकरणे न उकरणे, आणि ती थांबली तरी उत्तराची घाई न करणे; कारण पुष्कळदा माणसाच्या मनातील खरे वाक्य त्या थांबण्यानंतरच येते.

म्हणून माझी एवढी आज्ञा मान. हे पत्र पोचेल त्या संध्याकाळी सूनबाईजवळ जाऊन बस. बारा दिवसांचा अबोला तू धरला आहेस, तेव्हा पहिला शब्द तुझाच असावा. ‘माझे चुकले, तू सांग, मी ऐकतो आहे’, इतकेच म्हण. आणि मग खरोखर मौन पाळ.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा