कातळात खांब रोवताना: खड्डा आपणच मोजूया



भातकापणी झाली की गुरे मोकळी सुटतात. त्याच वेळी आपल्या गटांची भाजी, चवळी, कुळीथ उगवून वर येत असतात. दिवसा गुरे आणि रात्री रानडुकरे! पूर्वी घरोघरी गडगा असायचा, नाहीतर काट्यांची वई. वई दर वर्षी नव्याने घालावी लागते आणि आता घरात तेवढे हात नाहीत. म्हणून अनेक गट कर्ज काढून लोखंडी अँगल आणि काटेरी तार घेतात. माकडे याने अडत नाहीत, हे मात्र आधीच धरून चाला.

हा पाठ फक्त खांब रोवण्यापुरता आहे. कारण तार कितीही चांगली असली, तरी खांब हलला की सगळे कुंपण झोपते. कर्जाचा हप्ता मात्र उभाच राहतो.

आधी हिशोब

१ गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. १० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा असेल तर चारही बाजू मिळून साधारण ४१७ फूट होतात. दर ८ फुटांवर एक खांब धरला तर ५२ खांब लागतील. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा ७ फुटी अँगल सुमारे ६.४ किलो भरतो. म्हणजे साधारण ३३५ किलो लोखंड, आणि कोपऱ्यांचे टेकू वेगळे. दुकानात किलोवर भाव असतो, तेव्हा वजन करूनच माल उचला.

जमीन ओळखा

आपला सडा जांभ्याचा. जांभा वाऱ्या-उन्हाने वरून कडक होतो, आणि बऱ्याच ठिकाणी खाली तो मऊ असतो. म्हणून पहिले अर्धा-एक फूट जीव काढते, पण तिथे थांबायचे नाही. पहार मारून बघा. 'ठण्ण' वाजले तर कातळ, 'धप्प' वाजले तर मुरूम. मुरमात संध्याकाळी खड्ड्यात पाणी भरून ठेवा, सकाळी टिकाव सोपा जातो. सलग कातळ असेल तर ब्रेकर मशीन भाड्याने आणा. आठ दिवस पहार मारण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

पाऊस संपताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काम काढा. जमीन ओली असते आणि काँक्रीटला मारायला व्हाळात पाणीही असते.

खड्डा किती?

माती-मुरमात दीड ते दोन फूट. सलग, न फुटलेल्या कातळात एक फूटही चालतो, पण खड्डा ठासून भरला पाहिजे. एक काठी घ्या आणि तिच्यावर दीड फुटाची खूण करा. गटातल्या दोघींनी प्रत्येक खड्ड्यात ती घालून बघायची आणि मगच काँक्रीट ओतायचे. खाली दगड लागला की अँगलचा तळ कापून सगळे खांब वरून सारखे दिसतील असे करणे सोपे असते. वरून काही कळत नाही, पहिल्या पावसात कळते. म्हणून मोजायचे ते काँक्रीट ओतायच्या आधी.

अँगलचे खालचे टोक माशाच्या शेपटीसारखे फाडून दोन बाजूंना वाकवून घ्या. मग तो उपसून येत नाही.

काँक्रीट

१ भाग सिमेंट, २ भाग वाळू, ४ भाग खडी. एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल अशा खड्ड्यांना एक पोते साडेतीन-चार खड्डे पुरते. कालावल किंवा कर्लीच्या खाडीची वाळू असेल तर गोड्या पाण्यात धुऊनच वापरा, कारण मीठ लोखंड खाते. काँक्रीटचा माथा उतरता ठेवा म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचणार नाही. सात दिवस पाणी मारा, तार त्यानंतरच ताणा. खांबाला रेड ऑक्साइड लावा आणि तार जस्त चढवलेलीच घ्या. समुद्राची हवा साध्या तारेला फार दिवस टिकू देत नाही.

उतारावर

१. खांब ओळंब्याने सरळ उभा करा. उताराला काटकोनात रोवलेला खांब खाली कलतो.

२. कोपऱ्यावर आणि जिथे चढ बदलतो तिथे तिरका टेकू द्या. तारेची सगळी ओढ तिथेच येते.

३. खळग्यात तारेखाली फट राहते, रानडुक्कर तिथूनच शिरते. तिथे चिऱ्यांचा छोटा गडगा रचा.

४. व्हाळाच्या मधोमध खांब नको. दोन्ही काठांवर मजबूत खांब रोवा आणि मधला तुकडा वेगळा बांधा. पुरात तो गेला तरी बाकीचे कुंपण वाचते.

५. एकीच्या वर दुसरीने काम करायचे नाही. सुटलेला दगड किंवा पहार थेट खाली येते. घण मारताना डोळ्यांना चष्मा हवाच.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. कुंपणात घरची वीज कधीही सोडू नका. त्यात माणूस मरतो, आणि तो आपल्याच वाडीतला असतो. तो गुन्हाही आहे.

काम सुरू करण्याआधी शेजारच्या जमीनवाल्याला बोलावून हद्द दाखवा आणि गटाच्या वहीत तशी नोंद करा. काँक्रीटमधला खांब हलवणे आणि बिघडलेली शेजारधर्माची घडी बसवणे, दोन्ही अवघड.

पुढच्या बैठकीसाठी: आपल्या जमिनीची चारी बाजूंची मापे, खांबांची संख्या आणि व्हाळ कुठे लागतो ते वहीत लिहून आणा. खुणेची काठीही तयार ठेवा. मुकादमाशी भाव ठरवताना ती काठी समोरच ठेवूया.