सिम्युलेशनमध्ये करिअर? आधी वही-पेन घ्या

२०२० साली मुंबईपुढे प्रश्न होता: लोकल आणि कार्यालयं सुरू केली, तर करोना किती वाढेल? खऱ्या शहरावर असा प्रयोग करून पाहणं शक्य नव्हतं. मग मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथल्या संशोधकांनी संगणकातच मुंबई उभी केली, म्हणजे सिम्युलेशन केलं. सव्वा कोटीच्या घरातले काल्पनिक नागरिक, त्यांची घरं, शाळा, कामाची ठिकाणं, प्रवास. झोपडपट्टी आणि इतर वस्ती वेगळी धरली, कारण दाटीत संसर्ग वेगानं पसरतो. कोण कोणत्या गल्लीतून चाललं, हा तपशील मात्र गाळला.

काय घ्यायचं आणि काय गाळायचं, हे ठरवणारा आराखडा म्हणजे कन्सेप्च्युअल मॉडेल.

ब्रिटिश अभ्यासक स्टुअर्ट रॉबिन्सन यांच्या मांडणीनुसार त्यात उद्दिष्टं, इनपुट, आउटपुट, मॉडेलची व्याप्ती, गृहीतकं आणि सुलभीकरणं येतात. तो कोणत्याही सॉफ्टवेअरला बांधलेला नसतो. सरकारी रुग्णालयाची ओपीडी घ्या. ‘केसपेपरच्या खिडक्या किती हव्यात?’ एवढंच विचारलं असेल, तर रुग्ण केव्हा किती येतात आणि एका केसपेपरला किती वेळ लागतो, हे पुरतं. औषधांची खिडकी बाहेर ठेवता येते. ‘रुग्ण किती वेळात घरी जातो?’ असं विचारलं, की औषधं आणि लॅब दोन्ही आत घ्यावी लागतात. सोमवारच्या गर्दीची नोंदच नसेल, तर अंदाज धरावा लागतो, ते गृहीतक. सगळे डॉक्टर सारखाच वेळ घेतात असं मुद्दाम मानलं, तर ते सुलभीकरण.

‘मुलाला कोणतं सॉफ्टवेअर शिकवू?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. अरेना, एनीलॉजिक ही नावं कानावर येतात. पायथन येत असेल, तर सिमपाय ही सिम्युलेशनची लायब्ररी फुकट मिळते. पण साधन नंतरही शिकता येतं. संभाव्यता आणि संख्याशास्त्र कच्चं असेल, तर पुढे अडतं. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स, यांपैकी कोणत्याही वाटेनं इथे येता येतं. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्चचं एमटेक आहे. त्यासाठी सहसा गेट ही परीक्षा द्यावी लागते.

जाहिरातींत ‘सिम्युलेशन’ हा शब्द शोधत बसू नये. वाहन कारखाने, गोदामं, विमानतळ इथलं हे काम बहुधा ऑपरेशन्स रिसर्च किंवा सप्लाय चेन अ‍ॅनालिस्ट अशा पदांखाली असतं.

सुट्टीत परवानगी घेऊन एखादी ओपीडी किंवा एसटीचं आरक्षण केंद्र न्याहाळावं. एक प्रश्न ठरवून, काय घेतलं, काय गाळलं आणि का, हे दोन पानांत लिहावं. ही पानं मुलाखतीला सोबत नेता येतात.