राजगडाची धार : चढण्याचा व उतरण्याचा एक धडा

आमचें कळंब हें नीरेच्या कांठचें, सपाट मुलखांतलें गांव. उसाच्या फडांपलीकडे पाहिलें तर दृष्टि अडेल असा उंच डोंगर येथें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांस ‘धार’ माहीत आहे ती कोयत्याची किंवा दुधाची. डोंगरासहि धार असते आणि तिच्यावरून माणसें चालत जातात, हें प्रत्यक्ष दाखवावें म्हणून गेल्या डिसेंबरांत चोवीस मुलेंमुली व तीन शिक्षक मिळून आम्ही एका दिवसाच्या चढाईसाठीं राजगडावर गेलों. त्या दिवशीं जें शिकलों तें येथें मांडीत आहों. त्यांत आमच्या चुकाहि आहेत. त्या झांकल्या तर धडा अपुरा राहील.

राजगडच निवडण्यास कारण होतें. गडाच्या दक्षिणेकडे वेळवंडी नदी वाहते. तिच्यावर भाटघरचें धरण आहे; सध्यांचें मोठें धरण १९२८ च्या सुमारास पुरें झालें. त्याचें पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-इंदापुराकडे येतें. उत्तरेच्या अंगाची गुंजवणीहि पुढें नीरेसच मिळते. तेव्हां ज्या पाण्यावर आमचा ऊस उभा आहे त्याचें माहेर पाहण्यास आम्ही निघालों होतों, असें म्हटलें तरी चालेल. शिवाय रायगडापूर्वींची शिवाजी महाराजांची राजधानी ही. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले द्यावे लागले, परंतु राखलेल्या बारांत राजगड होता. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें ज्या बारा मराठा दुर्गांस जागतिक वारसा मानिलें, त्यांतहि तो आहे.

आतां या धारा झाल्या कशा, तें पाहूं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला व थिजला. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा, असे कित्येक थर सांचले. त्यांतील घट्ट थर पावसास दाद देत नाहीं, तेथें उभा कडा राहतो. ठिसूळ थर झिजतो, तेथें उतार किंवा सपाटी होते. म्हणून सह्याद्रि दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. दोन बाजूंच्या ओढ्यांनीं डोंगर कुरतडीत आणला म्हणजे मध्यें अरुंद सोंड उरते. राजगडास अशा तीन सोंडा आहेत: पद्मावती, संजीवनी व सुवेळा. त्यांस माची म्हणतात. तिहींच्या मध्यें बालेकिल्ल्याचा कातळ उभा आहे. युरोपांतील आल्प्स पर्वताच्या धारा हिमनद्यांनीं दोहों अंगांनीं कोरलेल्या असतात व तेथें सोप्या धारेवरहि पुष्कळदां दोर बांधून चालावें लागतें. आमच्याकडे हिम नाहीं. पण गवत वाळून गुळगुळीत झालें म्हणजे तेंहि कमी घातकी नसतें.

मध्यरात्रीनंतर कळंबहून निघून सकाळीं गुंजवणे गांवीं पोंचलों व चोरदरवाज्याची वाट धरली. ही वाट सोपी असली तरी शेवटीं उभ्या कातळाची आहे. तेथें मुलांस पहिला नियम सांगितला: दोन हात व दोन पाय यांपैकीं तीन खडकावर घट्ट असतील तेव्हांच चौथा हालवावा. दुसरा नियम असा कीं, चढण्याचें काम पायांनीं करावें, हातांनीं केवळ तोल सांवरावा. नवशिका हातांनीं अंग वर ओढूं पाहतो व अर्ध्या तासांत थकतो. तिसरा नियम, पायाखालून दगड सुटला तर लाज न धरतां मोठ्यानें ओरडावें, म्हणजे खालचे सांवध होतात.

चौथा नियम मात्र आम्हीं शिक्षकांनींच पाळला नाहीं. समुदायाची गति सर्वांत सावकाश चालणाऱ्यानें ठरवावी व शेवटीं एक जाणता माणूस असावा, असा तो आहे. आम्ही तिघेहि पुढच्या उत्साही मुलांबरोबर बोलत चाललों होतों. चोरदरवाज्यांतून आंत येऊन मोजणी केली तों सव्वीसच भरलीं. तीं दहा मिनिटें आम्हांस फार लांब वाटलीं. इयत्ता आठवींतील एक मुलगा खालीं दगडावर बसून बुटांतला खडा काढीत होता, एवढेंच. पण त्याला चुकीच्या पायवाटेनें जाण्यास कोणीं अडविलें असतें?

पद्मावती माचीवर न्याहारी करून बालेकिल्ला चढलों. वरून भाटघरचें पाणी चकाकत होतें. मुलें हर्षानें वेडीं झालीं. उतरतांना तोच आठवीचा मुलगा पहिल्या उभ्या भागीं एका पायरीवर बसला. त्यास पुढें जाववेना, कीं मागें फिरवेना. चढतांना दृष्टि वर असते. उतरतांना ती दरीकडे जाते, व पायाखालची खोबण दिसत नाहीं. म्हणून चढणें सोपें व उतरणें कठीण. मॅटरहॉर्न शिखर १८६५ च्या जुलैंत प्रथम सर झालें, तेव्हां सात जण वर पोंचले; त्यांतील चौघे उतरतांना पडून मेले. पाय प्रथम घसरला तो एकोणीस वर्षांच्या, सर्वांत कमी अनुभवाच्या तरुणाचा.

मागें खोळंबलेलीं मुलें थट्टा करूं लागलीं. कोणी त्याला ‘मावळा’ म्हणून हांक मारली. आम्हीं ती थट्टा तत्काळ बंद केली, कारण घाबरलेल्याच्या हातांतील उरलें बळ हंशानें जातें. तेव्हां दहावींतील एक मितभाषी मुलगी न विचारतां त्याच्या खालच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. आमच्यापैकीं एक जण तिच्याहि खालीं गेले. ती म्हणाली, “दादा, दरीकडे पाठ कर. माझ्याकडे बघूं नकोस, खडकाकडे बघ.” मग त्याचा घोटा धरून एकेक पाऊल खोबणींत ठेवीत गेली. “अजून चार बोटें खालीं. हां, टेकला. आतां डावा.” वास्तविक तो तिच्याहून लहान, पण त्या घडीस ‘दादा’ म्हटल्यानें त्याचा श्वास जाग्यावर आला, असें आम्हांस वाटतें. जो उतार दहा मिनिटांचा, त्यास चाळीस मिनिटें लागलीं.

दोन वाजतां माघारी फिरण्याचें आधींच ठरलें होतें. त्यामुळें सुवेळा माचीवरील नेढें, म्हणजे कातळास आरपार पडलेलें नैसर्गिक भोंक, पाहण्याचें राहिलें. कित्येक मुलें रुसलीं. एका पालकांनीं मागाहून विचारलें कीं, एकासाठीं सव्वीस जणांचें नुकसान कां केलें? आमचें उत्तर असें कीं, नेढें पुढील वर्षींहि तेथेंच असणार. आणि अंधारांत उतरणारा समुदाय एकाचा नव्हे, सत्तावीस जणांचा जीव धोक्यांत घालतो.

पुढील वर्षीं आम्ही पाली दरवाज्याच्या रुंद पायऱ्यांनीं चढूं, आधीं सुवेळा पाहूं, व बालेकिल्ल्यावर सहासहांच्या तुकड्या नेऊं. प्रत्येकीच्या शेवटीं एक शिक्षक किंवा अनुभवी पालक राहील. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी हवें, आणि अत्तर, उदबत्ती वा धूर कांहीं नको, कारण सुवेळेच्या कड्यांवर आगीमोहळांच्या माशा असतात. त्या आठवीच्या मुलानें यादींत आपलें नांव पहिलें लिहिलें आहे.